क्षणजीवी अणुगर्भांचा पाठलाग

केक आणि बिस्किटे फुगविण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या बेकिंग पावडरचा अणुगर्भशास्त्राशी काही संबंध असू शकेल, असे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. परंतु १९५१ साली डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगन येथील नील्स बोर यांच्या संस्थेत, असा संबंध प्रत्यक्ष जुळून आला. कोफोड-हान्सेन आणि नील्सेन या दोघा संशोधकांना क्रिप्टॉन वायूचे असे प्रकार हवे होते, की जे निसर्गात कोठेही साठवून ठेवलेले सापडत नाहीत. युरेनियमचा अणुगर्भ दुभंगला म्हणजे त्याच्या तुकड्यांत हे प्रकार जन्मास येतात, आणि काही क्षणांतच त्यांचे रूपांतर दुसऱ्या मूलद्रव्यात होऊन जाते. एखाद्याचे अर्धायुष्य तीन मिनिटे, दुसऱ्याचे अर्धे मिनिट, तर तिसऱ्याचे अवघे आठ-नऊ सेकंद. युरेनियममधून क्रिप्टॉन वेगळा काढण्याची रासायनिक खटपट सुरू करावी, तोच हा पाहुणा घर सोडून गेलेला असावयाचा.

या अडचणीतून त्यांनी काढलेला मार्ग मोठा गमतीचा होता. युरेनियमच्या ऑक्साइडमध्ये त्यांनी बेकिंग पावडर मिसळली. सायक्लोट्रॉन यंत्रापासून मिळणाऱ्या न्यूट्रॉनांचा मारा त्या मिश्रणावर केला. पावडरीतून सुटणाऱ्या वायूंनी नवजात क्रिप्टॉनला आपल्याबरोबर वाहून नेले आणि एका लांब नळीतून थेट दुसऱ्या यंत्राच्या तोंडाशी आणून सोडले. तेथे क्रिप्टॉनच्या अणूंवर विद्युत्‌भार चढवून त्यांचा झोत चुंबकाच्या दोन ध्रुवांमधून नेण्यात आला. हलके अणू अधिक वळले, जड अणू कमी वळले, आणि प्रत्येक प्रकार आपापल्या जागी वेगळा होऊन पडला. निर्मिती आणि निवड या दोन्ही क्रिया एकाच साखळीत, मध्ये उसंत न घेता, पार पडल्या. क्षणजीवी अणुगर्भांच्या अभ्यासाचा जो मोठा प्रवाह पुढे वाहू लागला, त्याचा उगम या साध्या युक्तीत आहे.

परंतु इतका आटापिटा कशासाठी? जी वस्तू दहा सेकंदही टिकत नाही, तिच्या मागे आयुष्य वेचण्यात कोणते शहाणपण? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

अणूच्या पोटात अणुगर्भ असतो आणि तो प्रोटॉन व न्यूट्रॉन या कणांचा बनलेला असतो. प्रोटॉनांची संख्या मूलद्रव्य ठरविते. न्यूट्रॉनांची संख्या बदलली, की त्याच मूलद्रव्याचे निरनिराळे समस्थानिक होतात. केंब्रिज येथे फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९ साली समस्थानिकांचे वजन करणारे यंत्र सिद्ध केले. त्यांच्या मोजमापांतून एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. हेलियमचा अणू हा हायड्रोजनच्या चार अणूंइतका भरावयास हवा. परंतु तो शेकडा पाऊण भागाने हलका भरतो. हे हरवलेले वस्तुमान गेले कोठे? आइन्स्टाइन यांच्या सिद्धान्ताप्रमाणे त्याची ऊर्जा झाली. कण एकत्र बांधले जाताना जेवढी ऊर्जा बाहेर पडते, तेवढे वस्तुमान घटते. आर्थर एडिंग्टन यांनी १९२० साली याच तुटीवर बोट ठेवून सूर्याच्या तेजाचे रहस्य तेथे असावे, असे सुचविले, आणि पुढे ते खरे ठरले. म्हणजे अणुगर्भाचे वजन हा नुसता आकडा नव्हे. त्यातील कण किती घट्ट बांधलेले आहेत, याची ती नोंद होय. सोनार ज्याप्रमाणे कसोटीवरील रेघेवरून सोन्याचा कस ओळखतो, त्याप्रमाणे शास्त्रज्ञ वजनातील तुटीवरून अणुगर्भाची जडणघडण ओळखतो.

आता सोन्याचाच उल्लेख आला आहे, तर तो पुढे नेणे योग्य होईल. मार्गारेट बर्बिज, जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉयल या चौघांनी १९५७ साली मूलद्रव्यांच्या उत्पत्तीविषयी एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी कॅमेरॉन यांनीही स्वतंत्रपणे तशाच विचारांची मांडणी केली. त्यांचे म्हणणे असे, की सोने, प्लॅटिनम, युरेनियम यांसारखी जड मूलद्रव्ये ताऱ्यांच्या सावकाश जळण्यात पुरेशी तयार होऊ शकत नाहीत. एखाद्या प्रचंड उत्पातात न्यूट्रॉनांचा असा वर्षाव व्हावा लागतो, की एक न्यूट्रॉन पचतो न पचतो तोच दुसरा येऊन चिकटतो. या घाईत जे अणुगर्भ तयार होतात ते न्यूट्रॉनांनी ओथंबलेले आणि अत्यंत अल्पायुषी असतात. ते एकामागून एक रूपांतर पावत अखेरीस टिकाऊ सोन्यापर्यंत येऊन पोहोचतात. घराघरांतील मंगळसूत्रात आणि पाटल्यांत जे सोने आज अचल दिसते, त्याची वंशावळ अशी क्षणजीवी पूर्वजांची आहे. त्या पूर्वजांची वजने ठाऊक झाल्याशिवाय ही वंशावळ खरी की कल्पित, हे ठरविता येणार नव्हते.

निसर्गात टिकाऊ अणुगर्भांचे प्रकार सुमारे अडीचशे आहेत. मनुष्याने आजवर पाहिलेले सर्व प्रकार मोजले तर ती संख्या तीन हजारांच्या वर जाते, आणि सिद्धान्ताच्या अंदाजाप्रमाणे सुमारे सात हजार प्रकार संभवतात. म्हणजे ज्यांच्याशी आपला नित्य परिचय आहे, ते सारे मिळून एका विशाल खंडाचा केवळ किनारा आहेत. मारिया ग्योपर्ट-मायर आणि हान्स येन्झेन यांनी १९४९ साली अणुगर्भातील कणांच्या थरांची जी उपपत्ती मांडली, तिला १९६३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. दोन, आठ, वीस, अठ्ठावीस, पन्नास अशा काही ठराविक संख्या पूर्ण झाल्या, की अणुगर्भ विशेष घट्ट होतो, असे ती सांगते. हे नियम किनाऱ्यावर पडताळून पाहिलेले होते. खंडाच्या अंतर्भागातही तेच चालतात काय, हे कोणी पाहिले होते?

हे पाहण्याचे साधन युरोपातील राष्ट्रांनी मिळून जिनिव्हाजवळ उभारले. तेथील सर्न संस्थेत कोपनहेगनच्या युक्तीचे विशाल रूप साकार झाले. आयसोल्ड या नावाच्या त्या प्रयोगकेंद्रात १६ ऑक्टोबर १९६७ रोजी पहिले प्रयोग झाले. वेगवान प्रोटॉनांचा मारा एका तप्त लक्ष्यावर करावयाचा, त्यातून झिरपून बाहेर पडणारे नवे अणू भारित करावयाचे, आणि चुंबकाने त्यांची निवड करून झोत प्रयोगशाळेत पाठवावयाचा, अशी ही व्यवस्था होती.

अपेक्षाभंगही लवकरच पदरी आला. सर्न येथेच काम करणाऱ्या फ्रेंच संशोधकांच्या एका गटाने १९७५ साली सोडियमच्या न्यूट्रॉनबहुल समस्थानिकांची वजने प्रसिद्ध केली. वीस न्यूट्रॉन पूर्ण झाल्यावर जे चित्र दिसावयास हवे होते, ते तेथे दिसेना. वीस ही संख्या, जिच्या भरवशावर पाठ्यपुस्तके लिहिली गेली होती, तिचा प्रभाव या दूरच्या मुलुखात ओसरलेला होता. नियम खोटा नव्हता. त्याची हद्द मात्र ठाऊक नव्हती. अधिक काटेकोर वजने हवीत, हे त्या दिवसापासून सर्वांना कळून चुकले.

येथे खरी अडचण उभी राहिली. आयसोल्डमधील अणू सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने धावतात. धावत्या घोड्याला तराजूत घालता येत नाही. त्याला थोपविले पाहिजे, शांत केले पाहिजे, आणि तेही त्याचे आयुष्य संपण्यापूर्वी. शिवाय कोणत्याही भांड्यात तो ठेवता येत नाही; भांड्याच्या भिंतीला स्पर्श झाला, की तो तेथेच चिकटून बसतो. हवा असा पिंजरा, की ज्याला गज नाहीत आणि भिंतीही नाहीत.

केवळ स्थिर विद्युत्‌बलांनी असा पिंजरा होऊ शकत नाही, हे इंग्लंडमधील सॅम्युएल अर्नशॉ यांनी १८४२ सालीच सिद्ध करून ठेवले होते. एका बाजूने कण अडविला, तर दुसऱ्या बाजूने तो निसटतोच. घोड्याच्या खोगिरावर गोटी ठेवली, तर पुढेमागे ती अडेल, परंतु डावीउजवीकडे घरंगळेल. तसाच हा प्रकार. जर्मनीत बॉन येथे वोल्फगांग पाउल यांनी १९५० नंतरच्या दशकात या कोंडीतून वाट काढली. खोगीर स्थिर न ठेवता योग्य गतीने फिरवीत राहिले, तर गोटीला घरंगळण्यास सवडच मिळत नाही. विद्युत्‌क्षेत्राची दिशा सेकंदाला लक्षावधी वेळा पालटत ठेवून पाउल यांनी भारित कण मध्यावर तोलून धरले. दुसरा मार्ग अमेरिकेत हान्स डेमेल्ट यांनी अनुसरला. त्यांनी स्थिर विद्युत्‌क्षेत्राला प्रबळ चुंबकक्षेत्राची जोड दिली. चुंबक कणाला वर्तुळात फिरवितो, त्यामुळे तो बाजूंनी निसटत नाही. आणि वरखाली जाण्यास विद्युत्‌बल आडकाठी करते. डच शास्त्रज्ञ फ्रान्स पेनिंग यांच्या कामावरून ही कल्पना सुचली म्हणून डेमेल्ट यांनी या सापळ्याला पेनिंग यांचेच नाव दिले. पाउल आणि डेमेल्ट यांना १९८९ साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग विभागून मिळाला. उरलेला अर्धा नॉर्मन रॅम्झी यांना मिळाला.

पेनिंग सापळ्यात वजन करण्याची रीत समजण्यास कठीण नाही. चुंबकक्षेत्रात भारित कण किती फेऱ्या घेतो, हे त्याच्या भारावर आणि वस्तुमानावर अवलंबून असते. जड कण सावकाश फिरतो, हलका कण भराभर फिरतो. फेऱ्या मोजल्या, की वजन आपोआप कळते. फेऱ्यांची संख्या सेकंदाला लाखांच्या घरात असल्यामुळे अर्ध्या सेकंदाच्या मुक्कामातही ती अत्यंत बारकाईने ठरविता येते. ज्या कणाची गती बाहेरून दिलेल्या विद्युत्‌लहरींशी अचूक जुळते, तो सापळ्यातून सोडल्यावर मोजणीयंत्रापर्यंत लवकर पोहोचतो. निरनिराळ्या लहरी देऊन पाहावयाच्या आणि सर्वांत लवकर कण केव्हा आले हे टिपावयाचे, एवढेच काम. झोपाळ्याला त्याच्या तालावरच झोका दिला, की तो उंच जातो. ताल चुकला, की अडखळतो. हे प्रत्येक मुलाला ठाऊक असलेले सत्य येथे कामी येते.

माइन्झ येथील युर्गेन क्लूगे आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतरच्या दशकात असा सापळा आयसोल्डच्या झोताला जोडला. आयसोलट्रॅप या नावाने तो प्रसिद्ध आहे. आरंभी धावते अणू एका धातूच्या पातळ पत्र्यावर आदळू देत. मग पत्रा फिरवून तापवीत आणि त्यातून सुटणारे भारित अणू सापळ्यात घेत. सीझियमसारख्या अणूंच्या बाबतीत हे जमले, आणि १९९० साली क्षणजीवी समस्थानिकांची अचूक वजने प्रसिद्ध झाली. परंतु तापविल्यावर सहजी भारित होऊन सुटत नाहीत, अशा मूलद्रव्यांपुढे ही रीत हरत असे. म्हणून पुढे पाउल यांच्या सापळ्याला लांबट आकार देऊन त्यात विरळ हेलियम भरण्यात आला. धावते अणू हेलियमच्या अणूंवर पुनःपुन्हा आदळतात, दर टकरीला थोडी ऊर्जा गमावतात आणि अखेर शांत होऊन एका टोकाशी गोळा होतात. तेथून त्यांची लहानशी टोळी पेनिंग सापळ्यात सोडली जाते. एका सापळ्याने शांत करावयाचे आणि दुसऱ्याने तोलावयाचे, अशी ही कामाची वाटणी ठरली.

तथापि तप्त लक्ष्यातून झिरपून येण्यास वेळ लागतो, आणि कित्येक मूलद्रव्ये इतकी चिवट, की ती बाहेर पडतच नाहीत. फिनलंडमधील युवास्कुला येथे युहा ऑयस्ट्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात लक्ष्य इतके पातळ केले, की नवे अणुगर्भ धक्क्यासरशी बाहेर उडून हेलियम वायूत पडावेत आणि वायूच्या प्रवाहाबरोबर वाहत पुढे जावेत. या युक्तीने चिवट मूलद्रव्येही हाती आली.

अमेरिकेतील मार्ग याहून धाडसी होता. तेथे जड अणूलाच प्रचंड वेग देऊन पातळ लक्ष्यावर आदळवितात. त्याचे तुकडे होतात आणि ते त्याच वेगाने पुढे धावतात. बर्कले येथे १९८५ साली इसाओ तानिहाता यांच्या गटाने अशाच झोतातून लिथियम-११ या अणुगर्भाचा विस्तार मोजला आणि तो अपेक्षेपेक्षा फारच मोठा असल्याचे आढळले. त्याचे शेवटचे दोन न्यूट्रॉन चंद्राभोवतीच्या खळ्यासारखे दूरवर पसरलेले असतात. या रीतीत वेळ मुळीच वाया जात नाही. परंतु तुकड्यांचा वेग सेकंदाला लाख किलोमीटरांहूनही अधिक असतो. असे वादळ सापळ्यात कसे धरावे?

मिशिगन राज्यातील ईस्ट लॅन्सिंग येथे, आयसोलट्रॅपच्या कामात तयार झालेले गेऑर्ग बॉलेन आणि त्यांचे सहकारी यांनी हा विडा उचलला. प्रथम हे तुकडे घन पदार्थाच्या मोजक्या जाडीच्या पट्ट्यांतून नेले, आणि त्यांची बहुतेक ऊर्जा तेथे काढून घेतली. उरलेल्या ऊर्जेसह ते हेलियमने भरलेल्या एका कक्षात शिरले. धावत सुटलेला माणूस जत्रेच्या गर्दीत शिरला, म्हणजे खांद्याला खांदा लागत लागत त्याचा वेग जसा आपोआप ओसरतो, तशीच येथे गत होते. हेलियमच का, तर तो आपले इलेक्ट्रॉन सहजी सोडीत नाही. म्हणून थांबलेल्या अणूचा विद्युत्‌भार शाबूत राहतो आणि त्या भाराला धरून त्याला विद्युत्‌क्षेत्राने बाहेर ओढता येते. मात्र हेलियम अत्यंत शुद्ध हवा. पाण्याच्या वाफेचा लवलेश जरी राहिला, तरी अणू त्याला चिकटतो आणि हातचा जातो. या रीतीने थांबविलेल्या कॅल्शियम-३८ या अणुगर्भाचे वजन २००६ साली प्रसिद्ध झाले. त्याचे अर्धायुष्य अर्ध्या सेकंदाहूनही कमी. वजनातील संभाव्य चूक दहा कोटींत सुमारे एक भाग. लाखो किलोमीटरांच्या शर्यतीत धावणारा कण आणि सोनाराच्या काट्यालाही लाजविणारे माप, या दोन गोष्टींची गाठ त्या दिवशी पडली.

या कक्षालाही मर्यादा होती. झोत दाट केला, की हेलियमचेच असंख्य अणू भारित होत आणि त्यांच्या गर्दीत हवा तो अणू बाहेर काढणे दुर्घट होई. तेव्हा त्याच संस्थेत एक उलटा सायक्लोट्रॉन बांधण्यात आला. अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या मूळ यंत्रात कण मध्यापासून निघून फिरत फिरत बाहेर येतो आणि वेग मिळवितो. येथे कण बाहेरच्या कडेने आत शिरतो, विरळ हेलियममधून फेऱ्या घेत वेग गमावतो आणि मध्याशी येऊन विसावतो. वेग देण्यासाठी जन्मलेले यंत्र वेग काढून घेण्याच्या कामी आले.

या कष्टांचे फळ काय, हे पाहण्यासाठी थोडी उदाहरणे पुरेशी आहेत. लिथियम-११ चे अर्धायुष्य सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी; तरीही कॅनडातील व्हँकूव्हर येथे २००८ साली ते पेनिंग सापळ्यात तोलले गेले, आणि त्याचे दोन दूरस्थ न्यूट्रॉन किती अल्प ऊर्जेने बांधलेले आहेत, हे निश्चित झाले. आयसोलट्रॅपने २०१३ साली कॅल्शियम-५४ पर्यंतची वजने करून दाखविले, की अशा दूरच्या प्रदेशात बत्तीस न्यूट्रॉनांना नवे महत्त्व येते. त्याच वर्षी जस्त-८२ चे वजन झाले. न्यूट्रॉन ताऱ्याच्या बाह्य कवचात या जस्ताचा एक थर असावा, असे काही गणिते सांगत होती. वजन हाती आले आणि तो थर कागदावरून पुसावा लागला. हजारो प्रकाशवर्षे दूर असलेल्या ताऱ्याच्या कवचाविषयी निवाडा जिनिव्हाजवळच्या एका सापळ्याने दिला.

आणि १७ ऑगस्ट २०१७ रोजी, दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वलहरी पृथ्वीवर टिपल्या गेल्या. तो उत्पात सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षांवर घडला होता. त्यानंतर दिसलेल्या प्रकाशाची झाक जड मूलद्रव्यांच्या ताज्या निर्मितीशी जुळणारी होती. १९५७ साली जी वंशावळ कागदावर मांडली गेली होती, तिचे एक जन्मस्थान आकाशात दिसले. परंतु तेथे सोने किती झाले आणि इतर धातू किती, याचा हिशेब अद्याप पुरा झालेला नाही. कारण त्या वाटेवरील कित्येक अणुगर्भ अजून कोणी तोललेलेच नाहीत. ईस्ट लॅन्सिंग येथे मे २०२२ मध्ये सुरू झालेले नवे प्रचंड केंद्र याच शोधासाठी आहे.

कोपनहेगनच्या त्या दोघा संशोधकांजवळ बेकिंग पावडर होती आणि एक लांब नळी होती. आज त्या जागी अतिवाहक चुंबक आणि मैलभर पसरलेली यंत्रे आली आहेत. परंतु कामाचे मर्म बदललेले नाही. थोडाच वेळ टिकणारी वस्तू तुच्छ मानावयाची नाही, तिला धक्का न लावता थोपवावयाचे, तिला जो अल्प अवधी लाभला आहे तेवढ्यात तिला नेमका प्रश्न विचारावयाचा, आणि मिळालेले उत्तर आपल्या ग्रंथांशी जुळले नाही तर ग्रंथ दुरुस्त करावयाचा. वीस या संख्येच्या बाबतीत तसेच घडले, आणि जस्ताच्या थराच्या बाबतीतही. अर्ध्या सेकंदाच्या आयुष्यात कॅल्शियमच्या त्या अणूने जे सांगितले, ते मात्र तो नाहीसा झाल्यावरही टिकून राहिले आहे.